मागच्या तारखेपासून

निकाल बाजूने लागला तर इंजिनिअर बाईंना मिळणार होतं ते असं: साइटप्रमुखाची खुर्ची, दारावर नावाची पाटी, आणि "बाईमाणसाला साइटवर कुठं पाठवता?" म्हणणाऱ्या अख्ख्या कंपनीचं पडलेलं तोंड. या शेवटच्या एका बाबीसाठीसुद्धा त्या लढल्या असत्या.

निकाल बाजूनेच लागला. कोर्टाच्या व्हरांड्यात येऊन त्यांनी तो नवऱ्याला वाचून दाखवला. बाई म्हणून डावललं, हे सिद्ध झालं होतं. शिवाय खुर्ची आजपासून नव्हे, तर ती मालकांच्या भाच्याला दिली त्या दिवसापासून बाईंचीच मानायची होती. सगळ्या हक्कांसह, सगळ्या जबाबदाऱ्यांसह. हा मागच्या तारखेचा हट्ट बाईंचाच. वकील म्हणाले होते, पुढचं बघू. बाई म्हणाल्या होत्या, एक दिवसही सोडणार नाही.

गंमत म्हणजे पारडं फिरलं ते खुद्द भाचेसाहेबांच्या साक्षीने. मामांच्या देखत ते म्हणाले होते, "पद मॅडमचंच होतं. मी नुसता बसलो होतो."

"उगाच शिव्या घालायचीस त्याला," नवरा म्हणाला. "सोन्यासारखा माणूस!"

सोन्यासारखा माणूस हसत पुढे आला. "अभिनंदन, मॅडम."

"तुमचे उपकार कसे फेडू?"

"फेडाल हो. घाई काय आहे?" म्हणून तो बाकावर टेकला.

समोर एक रंगारी कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसला होता. कंपनीच्या नव्या इमारतीची गॅलरी कोसळली, तेव्हा तो तिच्यात उभा होता. सळया कमी घातल्या होत्या, त्या कुणी तपासल्या नव्हत्या. तेव्हा साइटप्रमुख होते भाचेसाहेब. बाई ऑफिसात नकाशांच्या गुंडाळ्या करत होत्या. त्या इमारतीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. टाकू दिलं नव्हतं.

शेजारच्या दारातून शिपाई ओरडला, "गॅलरी पडली त्या केसमधले साइटप्रमुख! हजर आहेत का?"

दर तारखेला या हाकेसरशी भाचेसाहेब घाम पुसत उठायचे. आज त्यांनी पायावर पाय टाकला.

"जा ना, मॅडम. तुम्हाला बोलावताहेत."

नवरा हसला. मग हसायचा थांबला. बाईंनी हातातल्या कागदाकडे पाहिलं. मी तेव्हा प्रमुख नव्हते म्हणावं, तर हा निकाल खोटा. होते म्हणावं, तर गॅलरी त्यांची.

रंगाऱ्याने कुबड्या टेकल्या. उठून त्याने बाईंना नीट न्याहाळलं.

"म्हणजे त्या तुम्ही होय?"

खुर्ची भाचेसाहेबांची वापरून झाली होती. पाय रंगाऱ्याचा गेला होता. उरली होती फक्त पाटी, आणि ती बाईंच्या नावाची होती.