पंचावन्नचा बल्ब

"हा तर शंभरचा आहे की," यशपाल म्हणाला.

पिकअपच्या बंपरखालचा उजवा फॉगलॅम्प त्याने उघडला होता. आतला होल्डर वितळून वाकडा झाला होता, वायरीचं प्लास्टिक करपलं होतं.

"मामा, याला पंचावन्न वॅटचाच बल्ब लागतो. शंभरचा घातला की असं होतं. एखाद्या दिवशी गाडीच पेटली असती."

"व्हय," धुळाप्पा म्हणाला.

होटगी रोडवर यशपालचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. ऊन वर यायची वेळ झाली तरी धुकं हललं नव्हतं. समोरचा चहाचा गाडाही दिसत नव्हता. अशा दिवसांत जो तो येऊन जोराचा उजेड मागायचा. मीठ जास्त झालं की आमटी वाया जाते हे घरात कळणारी माणसं दिव्याच्या बाबतीत मात्र ऐकत नाहीत. सांगून सांगून यशपालचं तोंड दुखायचं.

धुळाप्पा ऐकत होता. तो दक्षिणेकडच्या गावातला मेंढपाळ. डोक्याला पटका, अंगावर घोंगडं, डोळे जागरणाने लाल.

"मिस्त्री, एक इचारू का? शंभरच्या उजेडात, धुक्यात, माणूस दिसतो का?"

"उलट कमी दिसतो. जेवढा जोर जास्त, तेवढा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. समोर नुसतं पांढरं."

धुळाप्पाने वाकून उघड्या लॅम्पमध्ये बघितलं.

"माजं पोरगं गेलं," तो म्हणाला. "माउली. मेंढरांमागं चालत हुतं. मागनं गाडी आली. तिला शंभरचेच हुते."

यशपालने पक्कड खाली ठेवली.

"पोलीस काय म्हणाले?"

"डायवर म्हणला, दिसलंच न्हाय. त्यांनी धुक्याचा अपघात म्हणून लिवलं."

"आणि तुम्हाला ते पटत नाही."

"मला काय कळंनाच झालंय. मायाक्का, माजी बायकू, म्हणती दिसलं असणारच. तवापास्नं माज्याशी बोलत न्हाय. जेवाण म्होरं ठिवती आन निगून जाती. धुकंच तसं हुतं का डायवर चुकला, येवढं कळलं पायजे. तिला जाऊन सांगीन म्हणतो. जे असंल ते."

यशपालला गलबलून आलं. लेकरू गेल्यावर नवरा-बायकोतलं बोलणं आटतं, हे त्याने आपल्याच गल्लीत पाहिलं होतं. या माणसाच्या जिवाला थोडा तरी आराम पडावा असं त्याला फार वाटलं.

"तुमच्याही गाडीला तेच बल्ब आहेत, मामा. आधी ते काढू."

"काडा."

उजव्या लॅम्पला त्याने नवा होल्डर, नवी वायर आणि पंचावन्नचा बल्ब बसवला, तोंड जरा जमिनीकडे झुकवलं. डावा शंभरचाच ठेवला. मग गाडी शेजारच्या मोकळ्या जागेत लावून घेतली. धुळाप्पाला आत बसवून इंजिन बंद केलं, नुसते फॉगलॅम्प लावले आणि उजव्यावर पुठ्ठा धरायला चहावाल्या गुरप्पाला हाक मारली.

"मी पुढं जाऊन उभा राहतो. दिसतो का बघा."

तो धुक्यात चालत गेला, थोडा वेळ थांबला आणि परत आला.

"दिसलो?"

"न्हाय."

पुठ्ठा डाव्यावर गेला. यशपाल पुन्हा तेवढाच चालत गेला. परतला तेव्हा धुळाप्पा दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून बसला होता.

"आता?"

"पाय दिसले. चपलासुद्दा."

गुरप्पा पुठ्ठा टाकून गाड्याकडे निघून गेला.

"म्हंजे पंचावन्नचा असता तर माउली दिसला असता?" धुळाप्पाने विचारलं.

"दिसलाच असता. ब्रेक मारायला वेळ मिळाला असता."

धुळाप्पाने मान हलवली. त्याच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. आता माघार घेण्यात अर्थ नाही, याला बळ दिलं पाहिजे, असं यशपालला वाटलं.

"धुक्याला बोल लावू नका, मामा. डोळ्यांवर पांढरं येतंय हे कळत असूनही त्यानं गाडी थांबवली नाही. धुक्यानं नाही, त्या माणसानं मारलं तुमच्या माउलीला. मामींना असंच सांगा."

"असंच सांगतो."

"आणि त्याला सोडू नका. माझ्या ओळखीचे वकील आहेत. लागली तर मी साक्ष देतो. कोण आहे तो? नाव सांगा मला."

धुळाप्पा गाडीतून सावकाश खाली उतरला.

"मीच की, मिस्त्री," तो म्हणाला. "कोकरं आन बिऱ्हाड घिऊन मागनं येत हुतो."