फाटकाबाहेरच्या खुर्च्या

आईची केमो सुरू होताच बाबांनी फाटकाला कुलूप लावलं. आम्ही फिनलंडचे; आमच्यात आजारी माणसाला शांत पडू देतात. आम्ही राहतो त्या टांझानियात मात्र आजाऱ्याशेजारी अख्खी आळी येऊन बसते. रोज फाटकावरून परत गेलेल्या शेजाऱ्यांनी कुलपाचा भलताच अर्थ लावला. रविवारी समोरची मांकामावशी बायकांना घेऊन रडत आली. सोबत सरपण, पातेलं आणि मयताला मांडायच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. तेवढ्यात टकलाला कांग्याचं रंगीत कापड गुंडाळून, भिंत धरत आई दारात आली. “कोण गेलं गं, मांका?” “तूच की!” मांकामावशी किंचाळली. “तुला पुरायला आलो आणि तू खुशाल उभी!” आई पोट धरून हसली. कुलूप निघालं. अंगणात पेज शिजली; कित्येक दिवसांनी आई वाटीभर प्यायली. बाबा ओशाळून खुर्च्या आवरू लागले. “राहू देत,” आई म्हणाली. “मी बरी होईपर्यंत या सगळ्यांना बसायला लागतील.”