कुंचीचा काठ

मागावर कोसा रेशमाचा ताणा चढून आठवडा झालेला, विणकर रोज फोन करत होता आणि पिपरी मेघेच्या घरात जयाचा पाय एका जागी ठरत नव्हता. जुन्या लुगड्यांच्या काठांची वीण बघून ती तसेच काठ नव्या रेशमी साड्यांत विणून घ्यायची. पण यावेळचा करवती काठ एकाच ठिकाणी उरला होता: जयाच्या लग्नाच्या वर्षी सासूबाईंनी आपलं लग्नातलं लुगडं फाडून कुंची शिवून ठेवली होती, तिच्यात. ती घालणारं बाळ आलंच नाही. काठाचे दाते कसे गुंफलेत ते अस्तर उसवल्याशिवाय दिसणार नव्हतं, आणि ‘उसवते’ म्हणायचं कोणत्या तोंडानं? शेवटी भाजी निवडता निवडता तिनं बोलून टाकलं. सासूबाईंनी पेटीतून कुंची काढली, ब्लेड घेतलं आणि पहिला टाका स्वतःच कापला. “आई, राहू द्या.” “काऊन? लुगडंच होतं हे. कुंची करायची घाई त मलेच झालती.”