पंचविसावी रेघ

युद्धातलं एक म्हातारं बॉम्बर विमान मोडीत न काढता त्याला लाल रंग फासला होता. न्यू मेक्सिकोच्या वाळवंटावर ते माणसाशिवाय उडायचं, खालून रेडिओने चालवलं जायचं, आणि नवी क्षेपणास्त्रं त्याच्यावर नेम धरायची. नेम चुकून ते परत आलं, की मेकॅनिक डेल्मर त्याच्या नाकाखाली एक रेघ रंगवायचा. युद्धातली सवय. तेव्हा दर फेरीला एक रेघ असायची, आणि पंचवीस झाल्या की वैमानिकाची घरी रवानगी.

पंचविसावी रेघ ओली असतानाच डेल्मर कॅप्टनकडे गेला.

"साहेब, म्हातारीच्या पंचवीस झाल्या. आता सोडा की तिला."

कॅप्टन हसला. "पंचवीस कसल्या? तुमच्याच वेळेला तीस केल्या होत्या ना रे! सोमवारी परत उडवायचीय, तयार ठेव."

डेल्मर परत विमानाकडे गेला.



युद्धात पंचवीसच्या तीस फेऱ्या करायचा हुकूम आला, तेव्हा त्याच्या वैमानिकाची, लॉयडची, पंचविसावी रेघ अशीच ओली होती. आणि सव्विसावीसाठी डेल्मर ब्रश घेऊन अंधार पडेपर्यंत धावपट्टीवर उभा होता.