बायकांच्या तासांची रेघ

"आण्णा, हा ठिपका बघा. रेघेच्या आत हाय. म्हंजे माझ्याबिगर काम पुरं हुतंय."

लीलानं आलेखाचा कागद बापापुढं जमिनीवर पसरला. बाळासोनं हातातली चांदीची तार बाजूला ठेवली आणि दुसऱ्याच्या घरची लग्नपत्रिका चुकून आपल्याकडं आल्यासारखं त्या कागदाकडं बघितलं.

हुपरीतल्या त्यांच्या घरात बाहेरची खोली म्हणजे कारखाना. उजेडासाठी रस्त्याकडचं दार दिवसभर उघडं असायचं, आणि त्यातून उजेडापेक्षा माणसंच जास्त आत डोकावायची. दिवाळीची पैंजणं व्यापाऱ्याकडं पोचेपर्यंत लीलाचं कोल्हापूरचं कॉलेज बंद, असं बाळासोनं कालच सांगून टाकलं होतं. उद्यापासून सकाळची यष्टी नाही. जुनी अकरावीची मॅट्रिक जाऊन नव्यानं निघालेल्या बारावीचं तिचं वर्ष. या गल्लीत एकदा बंद पडलेलं शिक्षण कुठल्याच मुलीचं पुन्हा सुरू झालं नव्हतं, हे लीलाला चांगलं ठाऊक होतं. म्हणून आज ती कॉलेजातल्या इनामदार सरांनी शिकवलेलं लिनिअर प्रोग्रामिंगचं गणित घेऊन बापाशी भांडायला बसली होती.

सर म्हणायचे, हे गणित संसारासारखं आहे. आधी अटी लिहायच्या. प्रत्येक अटीची एक रेघ काढायची. सगळ्या रेघांच्या आत जेवढी जागा उरेल तेवढ्यात आपलं भागवायचं. 'अट दिलेली असते, तिच्याशी वाद घालायचा नाही,' हे तर त्यांचं ठरलेलं वाक्य. लीलानं आडव्या अक्षावर साधी पैंजणं मांडली होती, उभ्यावर घुंगरांची. घरातल्या माणसांचे कामाचे तास मिळवून एक तिरकी रेघ काढली होती. व्यापाऱ्याच्या मागणीचा ठिपका तिच्या आत आरामात बसत होता.

"ह्या रेघंत कुणाकुणाचं तास धरलंस?" बाळासोनं विचारलं.

"तुमचं, काकाचं, आईचं. समद्यांचं मिळून."

बाळासो हसला. "हितंच चुकलीस. चांदी वितळवायची, तार ओढायची आम्ही. घुंगरू जोडायचं बायकांनी. बापयांचं तास बायकांच्या तासात मिसळत न्हाईत. रेघा दोन काढ."

म्हणणं खरं होतं, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं रबर घेतलं, जुनी रेघ खोडली, दोन नव्या काढल्या. पुरुषांची रेघ वर कागदाच्या टोकापर्यंत गेली. बायकांची, म्हणजे लीला वगळली तर एकट्या आईची, तानाबाईची, आडवी आणि पार खाली आली. ठिपका तिच्या बाहेर पडला.

"बघ. तुझं गणितच सांगतंय की." बाळासोच्या आवाजात जिंकल्याचा आनंद मात्र नव्हता. पोरीच्या हुशारीचं त्याला कौतुक होतं, फक्त ते दिवाळीनंतर सुरू व्हायचं.

कोपऱ्यात तानाबाई चिमट्यानं घुंगरू जोडत बसली होती. सकाळपासून ती जागची हलली नव्हती. लीलानं आईकडं बघितलं, मग कागदाकडं. आईची रेघ तळाला, आण्णांची वर, आणि मधे केवढी तरी मोकळी जागा. ती जागा तिला ओळखीची वाटली. रोज दुपारी आण्णा आणि काका कोपऱ्यावरच्या हॉटेलात चहा घेत बसायचे, त्याच तासांची ती. तिचे डोळे भरून आले, रागानंच जास्त.

"आण्णा, ही अट कुणी घातली?"

"कुणी म्हंजे? हायच की ती."

"गणितात अटी सर घालत्यात. ही कुणी घातली?"

रस्त्यावरून शेजारचा आकाराम सायकल हातात धरून चालला होता. त्यानं सवयीनं आत बघून हात केला. बाळासोनं मान हलवली.

"गल्ली काय म्हणंल?" तो हळू आवाजात म्हणाला. उत्तर त्याचं त्यालाच तोकडं वाटलं असावं.

मग बाळासो उठला, तानाबाईसमोर मांडी घालून बसला आणि तिच्या पुढ्यातला दुसरा चिमटा त्यानं उचलला. जाड बोटांतून घुंगरू निसटलं, घरंगळत कागदापर्यंत गेलं. त्यानं ते पुन्हा घेतलं. या खेपेला ते कडीत बसलं.

"लीला, आधी दार लाव," मान वर न करता तो म्हणाला.

लीला उठली. दाराला तिचा हात लागतो न लागतो तोच तानाबाई बोलली.

"ऱ्हाऊ दे उघडं. ह्या कामाला उजेड लागतोय."