वामकुक्षीची चाचणी

अजून चालू असलेल्या कृत्रिम हृदयांच्या यादीत नऊच उरली होती. ती बनवणारी कंपनी बंद पडून सहा वर्षे झाली होती आणि नव्या बॅटऱ्या मिळणार नव्हत्या. त्यांचा कोड आता ती वापरणारी माणसेच मिळून, खुलेपणाने सांभाळत होती. त्यांतले एक मंदाकिनीच्या लेकीचे, नीराचे होते; तिच्या बॅटरीत एकशे एकोणीस दिवस होते.

मंदाकिनी इचलकरंजीत ब्लाउज शिवायची. फोनवर बघून बघून ती कोड शिकली आणि बॅटरी वाचावी म्हणून माणूस झोपला की हृदय मंद चालवणारा बदल तिने गटाकडे पाठवला. गटाचा नियम होता, लिहिणाऱ्याने बदल आधी स्वतःवर चालवायचा. पण मंदाकिनीचे हृदय जन्माचेच होते.

"मग माझ्यावर चालव," यादीतलेच एक, नांदेडचे शिरसाटकाका फोनवर म्हणाले. "पोरीवर नको. मी तसाही जेवून आडवा होतोच."

"काका, आधी कुणी तपासून तरी..."

"तपासणारे होते ते गेले, बाई. शिवताना घेतेस तसं माप नीट घेतलंस ना?"

"घेतलंय."

काका दीड वाजता झोपले. सव्वादोनला त्यांच्या सुनेचा रडत फोन आला.

मंदाकिनीने कोड उघडला. रक्तप्रवाहाचा किमान आकडा तिने नीराच्या नोंदींवरून घेऊन तसाच लिहिला होता. नीराचे वजन अडतीस किलो होते, काकांचे ब्याऐंशी.

तिने आकड्याच्या जागी वजनाचे गणित घातले. दहाव्या दिवशी दुपारी नीरा झोपली, आणि मंदाकिनी तिच्या उशाशी बसून राहिली.

नीराच्या बॅटरीत एकशे नऊ दिवस होते, ते एकशे छप्पन्न झाले. यादीत आठ हृदये होती.