फिल्म कॉपी होईना

सांगलीचं हे स्थळ जमलं तर आपल्याला काय काय मिळेल, याची बेरीज वीरधवलनं साताऱ्याहून येताना कराडच्या अलीकडेच करून ठेवली होती. मुलगी, अबोली, एकुलती एक. सरकारी इंजिनिअर. विश्रामबागेत बंगला, कवठे महांकाळला द्राक्षबाग. मुलगी फोटोपेक्षा देखणी निघाली, ते वरकड.

बेरीज चोख होती. होकार तेवढा यायचा होता, आणि होकारासाठीच तो इस्त्रीच्या पँटीसकट गुडघे टेकून आप्पासोंच्या कॉम्प्युटरमागं वाकला होता.

"पोहे खाऊन तरी घ्या," अबोलीची आई शालूबाई म्हणाल्या.

"खातो की काकू. आधी हे."

आप्पासो, म्हणजे मुलीचे वडील, फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. पलटणीच्या मेळाव्याची फिल्म त्यांच्या कॉम्प्युटरवर होती. ती पेनड्राइव्हवर घेऊन संध्याकाळच्या गाडीनं जाणाऱ्या दोस्ताकडं द्यायची होती. सकाळपासून कॉपी होईना.

"बारकी फाइल जाती," आप्पासो म्हणाले. "फोटो जात्यात. ही एकच अडती. जागा बी लय हाय, मी बघितलंय."

वीरधवलनं पेनड्राइव्ह पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत लावला. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. जागा तपासली, तीस जीबी रिकामी. फिल्म सहा जीबीची. कॉपी दाबलं. फाइल फार मोठी आहे, अशी पाटी पुन्हा वर आली.

तो हसला. दुखणं सापडलेल्या डॉक्टरसारखं.

"काका, घागर रिकामी आहे, पण तोंडातून कलिंगड कसं जाणार? या पेनड्राइव्हचा फॉरमॅट जुना आहे. चार जीबीच्या वरची एक अख्खी फाइल तो घेतच नाही, मग आत कितीही जागा असू दे."

"बघ अबोली," आप्पासो खूश झाले. "तुझ्या हापिसातली दोन पोरं डोकं खाजवून गेली. ह्ये कुणी बोललं न्हाई."

अबोलीनं मान हलवली. वीरधवलनं ती होकाराच्या रकान्यात धरली.

"फॉरमॅट बदलायला एक मिनिट पुरे. पण आत जे आहे ते पुसलं जाईल."

"आवं न्हाई! माझी भजनं हायत त्यात."

भजनं दुसरीकडं उतरवून घेता आली असती. पण बंगल्यापुढं पेनड्राइव्हची काय किंमत? वीरधवलनं खिशात हात घातला. "मग माझा घ्या. नवा आहे, चालेल. दोस्ताला देऊन टाका."

"तुमचं काही नाहीये ना त्यात?" अबोलीनं विचारलं.

"एका मित्राच्या कार्यक्रमाची फिल्म आहे. जाताना पुसतो."

कॉपी सुरू झाली. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकू लागली. पंधरा मिनिटं, असं कॉम्प्युटर म्हणाला.

"तवर पोरांनी गच्चीवर जाऊन बोलून घ्यावं," शालूबाई म्हणाल्या. रीतच ती.

"झालं की उघडून बघा काका, नीट चालते का ते," जिन्यावरून वीरधवलनं हुकूम सोडला. आता घर त्याच्या कह्यात आलं होतं.

गच्चीवर अबोलीनं थेट विचारलं, "एकटेच आलात?"

"आईचे गुडघे. आणि आधी आपण दोघांनी बोलावं, मग मोठ्यांनी. माझा स्वभावच तसा, मोकळा."

"बाबा साताऱ्यात चौकशी करणार हं. त्यांची पद्धत आहे. चार घरं विचारतात."

"करू देत की." त्यानं कठड्यावर हात टेकला. "पण आमच्या गल्लीतले लोक जळके आहेत. काहीही सांगतील. त्यापेक्षा माणूस समोर आहे, त्यालाच विचारावं."

"मग विचारते. याआधी किती मुली बघितल्या?"

"तुम्ही पहिल्याच."

"खरंच?"

"खोटं बोलून मला काय मिळणार?"

अबोली हसली. मोकळेपणानं हसली. वीरधवलनं मनातल्या मनात द्राक्षबागेला ठिबक लावून टाकलं.

खालून आप्पासोंची हाक आली. "पाव्हणं! या की खाली. झाली कॉपी."

ते उतरले. शालूबाई दारात उभ्या होत्या. हातातला चहाचा ट्रे हातातच होता. आप्पासो खुर्चीत ताठ बसले होते.

"चालते ना फिल्म?" वीरधवलनं विचारलं.

"झकास चालती. काम चोख केलंसा."

"सांगितलं होतं ना! घरचा माणूस असला की असली कामं अडत नाहीत."

"व्हय," आप्पासो म्हणाले. "पण पेनड्राइव्हवर दोन फिल्मी दिसल्या. आमची कंची ते कळंना. म्हणून दोन्ही उघडून बघितल्या. तुमच्या मित्राची बी लय झ्याक निघालीय. बसा, बघा."

त्यांनी बटण दाबलं आणि आवाज वाढवला.

पडद्यावर फेटा बांधलेला वीरधवल होता. हिरव्या शालूतली एक मुलगी त्याच्या बोटात अंगठी घालत होती, आणि मागून कुणीतरी ओरडत होतं, "जावईबापू, हिकडं बघा, कॅमेऱ्यात!" फलटणच्या त्या साखरपुड्याला अजून महिनाही झाला नव्हता. हॉलचा, जेवणाचा, फेट्याचा आणि या शूटिंगचासुद्धा खर्च, रीतीप्रमाणे, मुलीकडच्यांनी केला होता.